तिरोडकर डॉक्टरांचा रथवाला

डॉ. शरयू तिरोडकरांनी दार उघडलं आणि माझं नावही न विचारता म्हणाल्या, "तुला पाठ काय आहे?"

मी लंडनजवळच्या पिनरमधल्या त्यांच्या दारात उभी होते. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात बाबांनी केलेल्या गुलाबजामांचा डबा. युनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष सुरू होणार होतं. पहिलं वर्ष मी बेसिंगस्टोकहून रोज ट्रेनने ये-जा करून काढलं आणि त्यात माझा अभ्यास कमी, झोपच जास्त झाली. मग ओळखीच्या एका काकूंनी सांगितलं की पिनरला एक रिटायर्ड डॉक्टर एकट्या राहतात, वरची खोली रिकामी आहे, त्यांना घरात कुणीतरी हवं आहे. "जरा विचित्र आहेत, पण चांगल्या आहेत," एवढीच माहिती काकूंनी दिली होती.

"पाठ म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे न बघता म्हणता येईल असं. काहीही."

मला घाबरून एकच गोष्ट आठवली. "एकोणतीसचा पाढा येतो."

"म्हण."

मी म्हटला. श्रीरामपूरजवळच्या आमच्या शाळेत गुरुजींनी तो घोकून घेतला होता, तसाच, त्याच सुरात. शेजारचे इंग्रज आजोबा कुंपणापलीकडे कचऱ्याचा बिन बाहेर ओढत होते, ते थांबून ऐकत राहिले. डॉक्टर डोळे मिटून दाराच्या चौकटीवर बोटाने ताल धरत होत्या. "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद" झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "छान. सातव्या घराला अडखळलीस, पण ताल नाही सोडलास. ये आत. नाव काय तुझं?"

"अश्विनी खरात. मी तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल?"

"नको. मावशीशी वाद घालता येत नाही."

"मग काय म्हणू?"

"डॉक्टर म्हण. डॉक्टरचं कुणीच ऐकत नाही."

ज्यांनी त्यांना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर उंचीला माझ्या खांद्याएवढ्या. केस पांढरेशुभ्र आणि पुरुषांसारखे कापलेले. घरात कायम कॉटनची साडी, वर जाड लोकरीचा कार्डिगन आणि पायात ट्रेनर्स. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, मुंबईत डॉक्टर झाल्या आणि लग्न होऊन इकडे आल्या. यजमान सर्जन, या भूल देणाऱ्या. "ते कापायचे, मी झोपवायचे. संसार असाच झाला," त्या सांगायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला.

भूल देताना इतर डॉक्टर पेशंटला उलटे आकडे मोजायला सांगत. आमच्या डॉक्टर सांगत, तुम्हाला पाठ असलेली एखादी कविता म्हणा. कुणी लहानपणचं बडबडगीत म्हणे, कुणी चर्चमधलं भजन. एकदा एका बस ड्रायव्हरने आपल्या रूटवरचे सगळे स्टॉप गाऊन दाखवले म्हणे. पेशंट कितव्या ओळीला जातो हे त्या बघत. आणि त्यांच्या लक्षात असं आलं की शब्द आधी जातात. जीभ जड होते, शब्दांचा काला होतो, पण ओळीचा ठेका आणखी थोडा वेळ ओठांवर चालू असतो. "अर्थ गेला, तरी ठेका आहे. हे काय प्रकरण आहे, याचा मी नोकरीभर विचार केला," त्या म्हणायच्या. "रिटायर झाल्यावर म्हटलं, आता शोधून काढू."

शोधायला त्या थेट ग्रीसला गेल्या. म्हणजे जवळच्या कॉलेजात प्रौढांसाठी संध्याकाळचा प्राचीन ग्रीक भाषेचा वर्ग चालतो, तिथे. शिकवणारे सर सत्तरीचे, विद्यार्थी चार-पाच, त्यातले दरवर्षी बदलणारे. डॉक्टर मात्र कायम. "मी नापास होत नाही, कारण परीक्षाच नसते," हे त्यांचं आवडतं वाक्य.

का कोण जाणे, पण तिथल्या सुरुवातीच्या काळातल्या माणसांवर त्यांचा जीव जडला. आपण ज्यांना पहिले तत्त्वज्ञ म्हणतो ती माणसं. त्यांच्यातले काही जण आपले विचार कवितेत मांडत होते. जग कशाचं बनलंय, खरं काय आणि भास काय, हे सगळं वृत्तात. कवी वेगळा आणि विचारवंत वेगळा अशी वाटणी तेव्हा अजून पुरती झाली नव्हती. आणि गंमत म्हणजे कवितेत लिहिणारी हीच माणसं जुन्या कवींना नावंही ठेवत होती.

डॉक्टर या सगळ्यांबद्दल अशा बोलायच्या की मला सुरुवातीला ते पिनरमध्येच राहतात असं वाटलं. त्या कुणाचंही खरं नाव घेत नसत. एक होता पाणीवाला, सगळं पाण्यातून आलं म्हणणारा. "त्याने काही लिहूनच ठेवलं नाही. हुशार. नंतर कुणी चुका काढायला नको." एक होता नदीवाला, एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही म्हणणारा. तो गद्यात लिहायचा आणि कोड्यात बोलायचा, म्हणून डॉक्टरांचा त्याच्यावर राग. "गद्यच लिहायचं तर सरळ लिही ना मेल्या!" एक ज्वालामुखीवाला. तो कवी, तत्त्वज्ञ आणि वर वैद्यसुद्धा. तो डोंगराच्या तोंडात उडी मारून गेला अशी दंतकथा आहे. "आमच्या प्रोफेशनमधला. बर्नआउट झाला असणार."

आणि सगळ्यांत लाडका होता रथवाला. त्याच्या कवितेत एक तरुण घोड्यांच्या रथात बसून निघतो, सूर्याच्या मुली त्याला वाट दाखवतात, मोठी दारं उघडतात आणि पलीकडे एक देवी त्याचा हात हातात घेऊन त्याला सत्य सांगते. पुढे जे येतं ते मला वर्षभर वाचूनही नीट कळलेलं नाही, पण ते कवितेसारखं अजिबात नाही. एकापुढे एक पायऱ्या चढल्यासारखा तो कठोर युक्तिवाद आहे. जे आहे ते आहेच, जे नाही त्याचा विचारही करता येत नाही, असा.

हे सगळं ग्रीक पाठ कसं करायचं? डॉक्टरांनी त्याला आपल्या चाली लावल्या होत्या. ज्वालामुखीवाला पाळण्याच्या चालीवर. रथवाला मंगलाष्टकांच्या चालीवर. ग्रीक ओळ कधी आखूड पडे, मग त्या शेवटचा स्वर ताणून पुरवून आणत. त्यांचे सर पहिल्यांदा ऐकून दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि मग म्हणाले, "शरयू, हे चुकीचं आहे. पुन्हा म्हण."

सकाळी मी खाली यायची तेव्हा किचनमधून कांदा चिरण्याचा आणि रथवाल्याचा आवाज एकदमच यायचा.

आता माझं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा बेसिंगस्टोकच्या एका रेस्टॉरंटमध्ये कुक आहेत, आई केअर होममध्ये काम करते. मी आठवीनंतर इकडे आले. फिलॉसॉफी घेतली तेव्हा बाबांनी विचारलं, "हे शिकून माणूस पुढे काय होतो?" मला उत्तर आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

पण खरी अडचण वेगळी होती. सेमिनारमध्ये मी बोलतच नव्हते. बाकीची मुलं प्रोफेसरांना सरळ "आय डिसअॅग्री" म्हणायची, जणू लहानपणापासून जेवताना त्यांच्या घरी हेच चालत आलंय. आमच्या घरी जेवताना "बोलू नकोस, आधी जेव" असं असायचं, आणि मोठ्यांना उलट उत्तर दिलं तर जेवणही राहायचं. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक प्रेझेंटेशन द्यायचं होतं आणि नंतर येणाऱ्या हरकतींना उत्तरं द्यायची होती. त्या उत्तरांनाच जास्त महत्त्व होतं. माझ्या ट्यूटर चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अश्विनी, तुझं लिखाण सगळ्यांशी सहमत असतं. तू कुणाशी भांडतेस ते मला कळू दे."

मी मनाशी ठरवलं की हे जमलं नाही तर फिलॉसॉफी सोडायची आणि अकाउंटिंगला बदली मागायची. घरी सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं.

त्या पोहे परतत होत्या. न वळता म्हणाल्या, "अकाउंटिंग चांगलंच आहे. जायचं तर जा. पण कंटाळून जा, घाबरून जाऊ नकोस."

विषयही त्यांनीच सुचवला. रथवाल्याने एवढा कोरडा युक्तिवाद कवितेत का घातला? "मला विचारशील तर विचाराला चाल लागली तरच तो टिकतो," त्या म्हणाल्या. "तू हेच मांड. मी आहे ना."

मी "हो" म्हणाले.

त्यानंतर मार्चमध्ये ते लग्न झालं.

हॅरोतल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये डॉक्टरांच्या मैत्रिणीच्या नातीचं, मीराचं, लग्न होतं. मुलगा पुण्याहून आलेला, बेसिंगस्टोकला आयटीत. गुरुजी आठवडाभर क्रॉयडनच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारे आणि शनिवार-रविवार गुरुजी. हॉलच्या मॅनेजरने कार्पेटवर तांदूळ टाकायला सक्त मनाई केल्यामुळे अक्षतांच्या जागी सगळ्यांच्या हातात गुलाबाच्या पाकळ्या. डॉक्टर आजूबाजूच्या सगळ्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणत, आणि फार छान म्हणत. आवाज थोडा कापरा, पण सुरेल.

अंतरपाट धरला गेला. गुरुजींची झाली, मीराच्या आत्याने स्वतः रचलेलं एक झालं, ज्यात दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांची नावं होती. मग डॉक्टरांनी सुरुवात केली. त्यांना येत होती तेवढी सगळी म्हणून झाली. पण मुहूर्ताला अजून वेळ होता. गुरुजी फोनवर मुहूर्ताची वेळ बघत होते आणि दुसऱ्या हाताने खूण करत होते, चालू ठेवा, चालू ठेवा. कुणालाच आणखी काही येत नव्हतं. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले होते.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काय आलंय हे मला त्या क्षणी कळलं आणि मी मानेने "नको, नको" करत असतानाच त्यांनी सूर लावला.

रथवाला निघाला. घोडे, सूर्याच्या मुली, चाकांच्या आसाचा आवाज, उघडणारी दारं, सगळं ग्रीकमध्ये, मंगलाष्टकांच्या चालीत. गुरुजींनी फोनवरून एकदम मान वर केली. पण कडवं संपलं तशी डॉक्टरांनी सराईतपणे "शुभमंगल सावधान" जोडलं आणि हॉलभर पाकळ्या उडाल्या. मग दुसरं कडवं. पुन्हा पाकळ्या. तिसऱ्याला नवऱ्या मुलाच्या आजीने डोळ्यांना पदर लावला. मग मुहूर्त आला, ताशा नव्हता म्हणून स्पीकरवर सनई वाजली, अंतरपाट बाजूला झाला आणि मीराचं लग्न लागलं.

जेवताना पुण्याच्या एक काकू डॉक्टरांपाशी येऊन म्हणाल्या, "अहो, काय शुद्ध संस्कृत उच्चार तुमचे! हल्ली असं ऐकायला मिळत नाही. इकडे राहूनसुद्धा जपलंत."

गुरुजी हळूच आले. "डॉक्टर, ते शेवटचं... कुठल्या शाखेचं?"

"जुनी शाखा आहे. जरा पश्चिमेकडची."

मीराला मात्र त्यांनी खरं सांगून टाकलं. ती इकडेच जन्मलेली. ती हसत सुटली. "डॉक्टर आजी, सीरियसली? तो लास्टवाला गाणं मला सगळ्यात जास्त आवडला! त्याची मीनिंग काय होता?"

परतताना ट्यूबमध्ये डॉक्टर एवढ्या खूश होत्या की त्यांचे पाय सीटवरून लहान मुलीसारखे हलत होते. "बघितलंस? अडीच हजार वर्षांनी त्याच्या ओळींवर फुलं पडली! कुणाला एक शब्द कळला नाही आणि तरी पोचलं. छंदात घातलेला विचार कुठल्याही दारातून आत जातो. प्रेझेंटेशनमध्ये हे घाल. यापेक्षा चांगला पुरावा नाही."

मी "हो" म्हणाले.

"तुझा हा 'हो' फार पातळ आहे," त्या म्हणाल्या, पण खुशीत होत्या म्हणून पुढे काही विचारलं नाही.

मला काहीतरी खटकत होतं. विचार आत गेला असं त्या म्हणत होत्या. पण आत काय गेलं होतं? त्या चालीवर डॉक्टरांनी गॅसचं बिल म्हटलं असतं तरी लोकांनी पाकळ्या टाकल्याच असत्या. चाल ओळखीची होती, म्हणून कुणी विचारलंच नाही की हे काय चाललंय. आणि मग रथवाल्याची देवी आठवली. ती त्या तरुणाला सत्य सांगते, पण पुढे असंही सांगते की डोळे, कान, जीभ यांच्या सवयीवर जाऊ नकोस, मी मांडलेला युक्तिवाद विचार करून पारखून घे. त्याच्या आधीच्या गायकांच्या देवता असं सांगत नसत. त्या गायच्या, लोक ऐकायचे.

पण हे डॉक्टरांना कसं सांगायचं? ज्यांच्या घरात मी राहते, ज्यांनी मला विषय दिला, पुस्तकं दिली, पोहे दिले? मी त्यांना हवं तसंच प्रेझेंटेशन लिहिलं. ते किचनमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचं, असा त्यांचा नियम होता. पेशंटकडे बघावं तसं त्या ऐकणाऱ्याच्या श्वासाकडे बघायला शिकवत. "हे बघ, या वाक्याला माझा श्वास संथ झाला. म्हणजे पेशंट गेला. वाक्य तोड." त्यांनी माझी वाक्यं तोडायला लावली, जोडायला लावली, आणि शेवटी समाधानाने म्हणाल्या, "आता मी येणार ऐकायला. परवानगी काढ. सरांनाही आणते."

ट्यूटरनी आनंदाने परवानगी दिली. तेव्हा मला पळून जावंसं वाटलं.

त्या दिवशी सकाळी ट्यूबमध्ये मी माझी पानं काढली आणि निष्कर्षाचं पहिलंच वाक्य वाचलं: "विचाराला चाल लागली की तो टिकतो." ते वाक्य चांगलं होतं. त्यात माझं काहीच नव्हतं. मी पेनने शेवटची दोन पानं खोडली. नवं लिहायला वेळ नव्हता. म्हटलं, जे वाटतंय ते बोलू. नाहीच जमलं तर अकाउंटिंग आहेच.

खोलीत वर्गातली मुलं, ट्यूटर, मागच्या रांगेत डॉक्टरांचे सर आणि शेजारी डॉक्टर, कार्डिगनच्या जागी कोट घालून. सुरुवात मी तयारीप्रमाणे केली. रथ, घोडे, देवी. मग पानं संपली.

मी लग्नाची गोष्ट सांगितली. मुलं हसली, डॉक्टर मागे ऐटीत बसल्या. मग मी म्हणाले, "पण मला वाटतं, त्या हॉलमध्ये कविता जिंकली आणि विचार हरला. कुणी काही पारखलं नाही. रथवाल्याला कवितेची ही ताकद ठाऊक होती, म्हणूनच त्याने ती वापरली. आणि तिची भीतीही वाटत असावी, म्हणून त्याने आपल्या देवीला सांगायला लावलं की पारखून घे. त्याच्या एकाच कवितेत कवी आणि तत्त्वज्ञ एकमेकांचे हात धरून आहेत आणि भांडतही आहेत. पुढे ते वेगळे झाले, पण भांडण या घरातूनच सुरू झालं."

प्रश्नांना पहिला हात डॉक्टरांचा वर गेला.

"मिस खरात," त्या त्यांच्या हॉस्पिटलच्या इंग्रजीत म्हणाल्या. घरात मी 'अगं' असायचे. "ज्या ओळी तुम्ही आज पारखताय, त्या तुमच्यापर्यंत आल्या कशा? वृत्तात होत्या म्हणून लोकांच्या लक्षात राहिल्या. गद्य असतं तर विरून गेलं असतं. ज्या नावेतून आलात तिलाच भोक पाडता?"

त्यांचा चेहरा बघून कळत होतं की त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांना लागलं होतं. पूर्वीची मी असते तर "तुमचं बरोबर आहे" म्हणून खाली बसले असते. ओठांवर तेच आलंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला तसं वाटत नाही. रथवाल्याच्या बहुतेक ओळी गाणाऱ्यांनी नाही जपल्या. जवळजवळ हजार वर्षांनी एका भाष्यकाराने पाहिलं की हे पुस्तक आता मिळेनासं झालंय, म्हणून त्याने त्या आपल्या गद्य टीकेत उतरवून ठेवल्या. त्याला गायच्या नव्हत्या. त्यांच्यावर विचार करायचा होता. त्या वाचल्या, कारण कुणीतरी पारखत बसलं होतं."

सरांनी डॉक्टरांकडे बघून खांदे उडवले. डॉक्टरांनी हात खाली घेतला. पुढे आणखी दोन-तीन मुलांनी प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. काय दिली ते आठवत नाही, पण दिली.

परतताना ट्यूबमध्ये डॉक्टर पिनर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता खोलीत गेल्या. मी त्या संध्याकाळी आईला फोन करून म्हणाले की बहुतेक मला दुसरी खोली बघावी लागेल.

सकाळी खाली गेले तर टेबलावर पोहे तयार होते आणि डॉक्टर पदर खोचून उभ्या.

"मग त्याने सारांश का नाही लिहिला?"

"कुणी?"

"तुझ्या त्या भाष्यकाराने! विचारच हवा होता तर चार वाक्यांत सार लिहायचं. ओळी जशाच्या तशा का उतरवल्या? बोल!"

मला हसू आलं आणि रडूही. "डॉक्टर, तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले तर. सबंध संध्याकाळ रागावले. सरांसमोर माझं तोंड बंद केलंस. पण त्याचा इथे काय संबंध? उत्तर दे."

उत्तर मला दोन दिवसांनी सुचलं, ते त्यांनी एका दिवसात मोडून काढलं. मग हे असंच सुरू झालं. कधी त्या जिन्याच्या खालून ओरडून मुद्दा सांगत, कधी मी भाजी आणायला गेल्यावर दुकानातून फोन करत असे. शेजारच्या आजोबांनी एकदा काळजीने विचारलं की घरात सगळं ठीक आहे ना. त्या म्हणाल्या, "उत्तम आहे. ही मुलगी माझं ऐकत नाही."

ट्यूटरनी शेऱ्यात लिहिलं की उत्तरांमध्ये पहिल्यांदाच माझा आवाज ऐकू आला. अकाउंटिंगचा विषय मी पुन्हा काढला नाही, आणि डॉक्टरांनीही विचारलं नाही. बाबांना मी आता सांगते की फिलॉसॉफी शिकून माणूस पुढे काय होतो ते माहीत नाही, पण तो आधी होता तसा राहत नाही. बाबा म्हणतात, "ते दिसतंय. जेवताना फार बोलायला लागलीस."

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर पर्थला मुलाकडे कायमच्या गेल्या. गुडघे जिना चढू देईनात, मुलगाही किती वर्षं बोलावत होता. घर विकायला काढलं. पुस्तकं त्यांनी ग्रीकच्या वर्गाला दिली. निरोपासाठी जमलेल्या मंडळींनी भाषण करायला सांगितलं तर म्हणाल्या, "भाषण गद्यात असतं. मी गाते," आणि ज्वालामुखीवाल्याचा पाळणा म्हटला. लोकांनी, बहुतेकांनी एक शब्द न कळता, टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, आणि का नाही ते त्यांना आणि मलाच ठाऊक होतं. दोघी हसलो.

हीथ्रोला पोचवायला मी एकटीच गेले होते. चेक-इन झालं. एअरपोर्टवरचा एक तरुण त्यांची व्हीलचेअर घेऊन आला. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला वर ओढलं आणि गालाला हात लावला. मग व्हीलचेअर निघाली. माणसांच्या गर्दीतून ती सिक्युरिटीच्या दारापर्यंत गेली असेल-नसेल, तेवढ्यात डॉक्टरांनी त्या तरुणाला थांबवलं. खुर्चीत मागे वळल्या आणि सगळ्या डिपार्चर हॉलला ऐकू जाईल असं मराठीत ओरडल्या, "अगं ए! पारखून घे म्हणणारी ती देवीसुद्धा छंदातच बोलते! ते कसं विसरलीस?"

तो तरुण दचकला. रांगेतली माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी, जी सेमिनारमध्ये हात वर करायला घाबरायची, तिने बॅग खाली टाकली आणि दोन्ही हात तोंडाशी नेले.

"छंद काढून टाका! तरी तिचा प्रश्न उरतोच!"

दार उघडलं होतं. त्या आत जाता जाता मान हलवत होत्या, पटलं नाही, अजिबात पटलं नाही. मी टाचा उंचावून आणखी मोठ्याने ओरडले, "नाही पटत तर फोन करा!"